हिरव्या दिव्याची घाई

न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे असलेल्या आयलंड ड्रॅगवेवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर, मी पहिल्यांदा गाडी उभी केली, तेव्हा ४६० अश्वशक्तीची मॅन्युअल मस्टँग जीटी आणि कात्रजच्या घाटात हाफ क्लचवर काढलेली वर्षे एवढ्या भांडवलावर मी निर्धास्त होतो. फेरीनंतरच्या चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांची वेळ २.६ सेकंद छापलेली होती. शेजारच्या लेनमधली निम्म्या ताकदीची गाडी पुढे निघून गेली, आणि माझी मागची चाके धूर काढत जागीच फिरत राहिली.

या फजितीचे मूळ सापडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. सुरुवातीच्या खांबावरचे पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरू लागले की छाती धडधडते आणि हिरव्याबरोबर सुटलोच पाहिजे असे वाटते. त्या घाईत मी इंजिन ४,००० आरपीएमवर ठेवून क्लच एकदम सोडत असे. वास्तविक तुमचे घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होतच नाही. पुढचे चाक स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर आडव्या सोडलेल्या प्रकाशाच्या, किरणातून बाहेर पडते, तेव्हा ते सुरू होते. हिरवा लागल्यावर तुम्ही तीन सेकंद स्वस्थ बसलात, तरी पाव मैलाची वेळ तीच येते, कारण तो उशीर रिअ‍ॅक्शन टाइम म्हणून चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत नोंदला जातो. शर्यतीत त्या उशिरामुळे अधिक वेगवान गाडीही हरते, हे खरे. परंतु सरावाच्या संध्याकाळी तुम्ही कोणाशीही शर्यत लावलेली नसते. म्हणून सांगतो, हिरवा लागू द्या, श्वास घ्या, आणि मग निघा.

गाडी रेषेवर पोचल्याचे सांगणारा स्टेजचा दुसरा दिवा जेमतेम लागताच थांबावे, म्हणजे घड्याळ सुरू होण्यापूर्वी गाडीला थोडी धाव मिळते. सुरुवात २,००० आरपीएमच्या आसपास करावी, क्लच सरकवत सोडावा आणि गाडीचे वजन मागच्या चाकांवर येईपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. चाक एकदा घसरू लागले की पकड कमी होते आणि अधिक दाबल्याने ती परत येत नाही. गाडी आडवी होऊ लागली, तर ती फेरी निमूटपणे सोडून द्यावी. शेजारच्या लेनमध्ये माणूस बसलेला असतो.

साध्या रस्त्यावरच्या टायरांनी, शर्यतीचे टायर फिरवून तापवण्यासाठी रेषेमागे केलेल्या पाण्याच्या डबक्यात मुळीच जाऊ नये, त्याला वळसा घालावा. खाचांत साठलेले पाणी थेट सुरुवातीच्या रेषेवर गळते आणि मागून येणारे लोक तुमचा उद्धार करतात. तो माझाही झाला आहे.

लाँच कंट्रोलबद्दल, म्हणजे सुटताना इंजिन सांभाळणाऱ्या यंत्रणेबद्दल, माझे मत फारसे चांगले नाही. मॅन्युअल गाडीत ते आरपीएम धरून ठेवते, परंतु डाव्या पायाचे शिक्षण काही करत नाही. ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांनी क्लचविषयी दिलेले सल्लेही मी आता नम्रपणे ऐकून विसरतो. मला उपयोगी पडले ते एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी माझ्या तीन फेऱ्या कुंपणापाशी उभे राहून केवळ मागचे टायर पाहिले आणि "फार लवकर" एवढेच सांगितले.

पहिल्या महिन्यात निराशा येईल, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. क्लचचा जळका वास आला, तर मात्र हट्ट न करता अर्धा तास बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्यावी. चौथ्या संध्याकाळी अशाच एका विश्रांतीनंतर माझ्या चिठ्ठीवर २.१ आले, आणि त्या फेरीत हिरवा दिवा लागून सव्वा सेकंद उलटून गेल्यावर मी निघालो होतो.