मालवाहू विमानांच्या नोकरीसाठी पैसे भरून फ्लाइट इंजिनिअर व्हावे का?

कमर्शियल पायलट लायसन्स हाती आहे पण नोकरी नाही, अशा नागपुरातल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : परदेशातील एखाद्या संस्थेत पैसे भरून फ्लाइट इंजिनिअरचे प्रमाणपत्र मिळवले, तर मालवाहू कंपनीत लवकर शिरकाव होईल का? मनीषनगरच्या एका मुलाचे वडील तर यासाठी मुदत ठेव मोडायला निघाले होते. त्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो. स्वतःच्या खिशातून हे पैसे भरू नयेत.

मी काही वर्षे बोइंग 747-200 या मालवाहू विमानावर को-पायलट होतो, त्यामुळे दोन वैमानिकांसोबत कॉकपिटमध्ये बसून विमानाच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या या तिसऱ्या माणसाचे, म्हणजे फ्लाइट इंजिनिअरचे, काम फार जवळून पाहिले आहे. को-पायलटच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून त्याची खुर्ची असे आणि समोर इंधन, वीज, हायड्रॉलिक व केबिनमधील हवेचा दाब यांच्या घड्याळांनी व बटणांनी भरलेले उभे पॅनल असे. उड्डाणाच्या वेळी तो खुर्ची पुढे सरकवून आमच्या दोघांच्या मध्ये येई, चारही इंजिनांचा जोर नेमका जुळवून देई, आणि वर गेल्यावर पुन्हा पॅनलकडे वळून कोणत्या टाकीतले इंधन कोणत्या इंजिनाला द्यायचे ते क्रॉसफीडच्या झडपा फिरवून ठरवी. विमानाच्या यंत्रणा मी खऱ्या अर्थाने या लोकांकडूनच शिकलो, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

आधी फ्लाइट इंजिनिअर व्हा, हा सल्ला एके काळी योग्यच होता. अमेरिकेत बोइंग 727, डीसी-8, डीसी-10 उडवणाऱ्या कंपन्या नव्या वैमानिकाला आधी याच खुर्चीवर बसवत, आणि ज्येष्ठतेनुसार तो पुढे को-पायलट होई. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच इंजिनिअरची लेखी परीक्षा देऊन ठेवणे शहाणपणाचे मानले जाई. परंतु 1981 साली अमेरिकेतील अध्यक्षीय समितीने दोन वैमानिकांचे कॉकपिट सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला, 1989 मध्ये दोघांनी उडवायचे 747-400 सेवेत आले, आणि फेडएक्स या मालवाहू कंपनीने तर जुन्या डीसी-10 विमानांची कॉकपिटे बदलून ती दोघांच्या हाती दिली. त्याच कंपनीचे शेवटचे 727 विमान 2013 मध्ये निवृत्त झाले. ज्या शिडीसाठी हे प्रशिक्षण होते ती शिडीच आता उरलेली नाही.

आपल्याकडे नागरी मालवाहतुकीत ती कधी फारशी नव्हतीच. ब्लू डार्टने 1996 मध्ये बोइंग 737-200 विमानांवर सुरुवात केली आणि पुढे 757 आणली. इंडिगोची मालवाहू विमाने ए321 आहेत. ही सर्व दोन वैमानिकांची विमाने. मालवाहतुकीशी नागपूरचे नाते जुने आहे : 1949 पासून चार महानगरांची टपाल विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि ती परत जात. त्या डाकोटा विमानांमध्ये रेडिओवरचे संदेश सांभाळणारा रेडिओ ऑफिसरही असे. ती खुर्ची इंजिनिअरच्याही आधी गेली.

आणखी एक गोंधळ नागपुरात विशेष आढळतो. मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा मोठा प्रकल्प असल्यामुळे पालकांना फ्लाइट इंजिनिअर आणि एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे एएमई, हे एकच वाटतात. एएमई जमिनीवर विमानाची देखभाल करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करतो. त्याचा परवाना वेगळा, अभ्यास वेगळा, आणि त्या कामाला आजही मागणी आहे. ज्याला यंत्रात खरा रस आहे त्याने तो मार्ग जरूर धरावा, पण वैमानिक होण्याची पायरी म्हणून नव्हे.

मग पैसे कोठे घालावेत? एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना, देण्यासाठी डीजीसीए ही आपली विमान वाहतूक नियामक संस्था वैमानिक म्हणून केलेले 1500 तास मागते. अमेरिकेत इंजिनिअरच्या तीन तासांमागे एक तास, तोही जास्तीत जास्त 500 पर्यंत, धरला जातो. परंतु ते तास मिळवायला आधी तशा विमानावर नोकरी हवी, नुसत्या प्रमाणपत्राने ते मिळत नाहीत. त्यापेक्षा एटीपीएलचे लेखी विषय लवकर उरकावेत, मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपू देऊ नये, आणि टाइप रेटिंगवर, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या परवानगीवर, खर्च करायचाच असेल तर ए320 किंवा 737 निवडावे. ए320 चे रेटिंग ए321 च्या मालवाहू विमानालाही चालते, आणि मालवाहू कंपनीत जागा निघाली नाही तरी प्रवासी विमानांची दारे बंद होत नाहीत. मुलाखतीत मालवाहतुकीची जाण दिसावी असे वाटत असेल, तर लोड अँड ट्रिम शीट (मालाचे वजन व विमानाचा तोल यांचा तक्ता) आणि धोकादायक मालाचे नियम नीट समजून घ्यावेत. मालाची पॅलेट जागची हलल्यास विमानाचा तोल कसा बिघडतो, हे मला माझ्या पहिल्या मुलाखतीत बारकाईने विचारले होते.

अपवाद एकच आहे. जुनी तीन जणांची विमाने चालवणारी एखादी कंपनी स्वतःच्या खर्चाने प्रशिक्षण देऊन पगारावर घेत असेल, तर विचार करावा; मात्र त्या खुर्चीवरून को-पायलटच्या खुर्चीवर केव्हा आणि कोणत्या अटींवर बसवणार, हे करारात लेखी मागावे. मनीषनगरच्या त्या कुटुंबाने एजंटाकडे हीच मागणी केली, तेव्हा त्याच्याकडून फक्त फीचे पत्रक पुन्हा आले.