पाळी संपल्यावर लगेच दिवस राहू शकतात का? आपले दिवस आपणच कसे मोजावेत

गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून नवरा घरी येतो तो आठ-दहा दिवसांसाठी. जहाजावर किंवा आखातात कामाला असलेला वर्षातून एखाद्या वेळी येतो. बोटीवर जाणारे पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत घरी असतात. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत नवरा-बायकोचे एकत्र दिवस रजेवर ठरतात. मग पाळी जाते आणि रजा लागते, आणि हमखास ऐकू येते, "आत्ताच पाळी गेली मा, आता काय होवचा नाय."

होऊ शकते. प्रत्येकीला नाही आणि दर महिन्याला नाही. पण जिची पाळी २१ ते २५ दिवसांनी येते, किंवा जिला सहा-सात दिवस अंगावरून जाते, तिच्यासाठी पाळीचा शेवटचा दिवससुद्धा जोखमीचा असू शकतो. पाळी संपली यावरून मागचे चक्र आटोपले एवढेच कळते. दिवस राहणार की नाही हे पुढचे स्त्रीबीज कधी सुटते त्यावर ठरते. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी हे आपल्याकडे तिथी बघून पोरसुद्धा सांगते; बीज सुटण्याला अशी तिथी नाही. म्हणून इतरांचे ऐकून नव्हे, स्वतःच्या नोंदी बघून हिशोब करायचा. तो असा.

आधी मोजणी कुठून सुरू करायची ते पक्के करा

ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो धरू नका. पुढची पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जितके दिवस झाले तितक्या दिवसांचे आपले चक्र.

बऱ्याच जणी चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्यापासून किंवा पाळी पूर्ण थांबल्यापासून मोजतात. तिथे चार ते सहा दिवसांची चूक होते, आणि आपला सगळा प्रश्न नेमका त्याच चार-सहा दिवसांचा आहे.

मग शरीरात काय चालते ते समजून घ्या

सुटलेले स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र अनुकूल स्राव असेल तर स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, असे सहा दिवस गर्भ राहण्याचे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात २२१ स्त्रियांच्या लघवीतली संप्रेरके रोज तपासून केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भधारणा झाली ती याच सहा दिवसांतल्या संबंधांतून, हे त्यात दिसले.

बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो. कुणाचा १० तर कुणाचा १६. लांबते-आखडते ते मुख्यतः त्याआधीचे अर्धे. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात बीज १४व्या दिवसाच्या आसपास सुटते, ३५ दिवसांच्या चक्रात २१व्याच्या, आणि २४ दिवसांच्या चक्रात दहाव्याच दिवशी. आता या शेवटच्या बाईचा हिशोब करा. पाळी सहा दिवस चालली, सातव्या दिवशी संबंध आला, दहाव्याला बीज सुटले. शुक्रजंतूंना तीनच दिवस तग धरायचा आहे, आणि तो ते सहज धरतात. सहा दिवस मागे मोजले तर तिचे जोखमीचे दिवस पाचव्या दिवसापासून सुरू होतात, म्हणजे पाळी चालू असतानाच.

याच स्त्रियांच्या नोंदींवरून २००० मध्ये आणखी एक गोष्ट मांडली गेली. चक्राच्या सातव्या दिवशीच सुमारे १७ टक्के स्त्रिया त्या सहा दिवसांच्या टप्प्यात पोचलेल्या होत्या. (पोचल्या म्हणजे दिवस राहिलेच असे नाही, राहू शकत होते एवढेच.) दहावा ते सतरावा दिवस हे जे ठरावीक "मधले दिवस" सांगतात, त्यात सगळा टप्पा बसणाऱ्या स्त्रिया साधारण ३० टक्केच निघाल्या. ज्यांची पाळी नेहमी वेळेवर येते त्यांच्याही बाबतीत हा दिवस मागे-पुढे होत होता. मला या सगळ्यांत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण "माझी पाळी घड्याळासारखी आहे" या भरवशावरच बहुतेक जणी निर्धास्त असतात.

आपल्या जुन्या समजुतीतही ऋतुकाळ पाळीच्या पहिल्या दिवसापासून १६ रात्रींचा मानलेला आहे आणि सुरुवातीच्या चार रात्री वगळून उरलेल्या गर्भधारणेच्या म्हटल्या आहेत. म्हणजे पाळी गेल्यावरचे दिवस बिनधोक, असे आपल्या परंपरेनेही कधी सांगितलेले नाही. (सम-विषम रात्रींवरून मुलगा की मुलगी ठरते, या सांगण्याला मात्र कसलाही आधार नाही.) डॉक्टरांनाही हे गणित उशिरा उमगले. १९व्या शतकात युरोपातले अनेक डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे आणि मधले दिवस सुरक्षित मानत. जपानचे ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी त्याच दशकात ते उलटवले. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी त्याआधीच, १९२१ मध्ये, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते, आणि पुढे या कामापायी प्राध्यापकाची नोकरी घालवली. साधन वापरा, हे या किनाऱ्यावरच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सांगितले. आज साधने उपकेंद्रात फुकट मिळतात.

कॅलेंडरवर निदान सहा पाळ्यांची नोंद करा

भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. पहिल्या दिवसावर खूण करा, थांबली त्या दिवसावर दुसरी. घरात सगळ्यांना दिसायला नको असेल तर मोबाइलवर किंवा वहीच्या मागच्या पानावर. ॲप वापरत असाल तर ते "सुपीक दिवस" म्हणून जे रंगवून दाखवते तो बहुतेक वेळा सरासरीवरचा अंदाज असतो हे लक्षात ठेवा.

इथे कोकणातली एक खास अडचण. गणपतीत पाळी नको म्हणून ती पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात. त्या गर्भनिरोधक नाहीत. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो आणि चक्र नेहमीपेक्षा लांब दिसते. तो महिना हिशोबात धरू नका. नोंदीवर फुली मारा आणि पुढच्या एका-दोन पाळ्या बघून मगच पुन्हा मोजा. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतलेला महिनाही असाच वगळा. आणि पाळी ढकलायची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून न घेता डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल तर.

आता वजाबाकी करा

सहा पाळ्यांतले सर्वांत लहान चक्र घ्या, त्यातून १८ वजा करा: जोखमीचा पहिला दिवस. सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करा: जोखमीचा शेवटचा दिवस.

समजा लहान २४ आणि मोठे २९. मग सहावा ते अठरावा दिवस जोखमीचे. (वरच्या हिशोबात २४ दिवसांच्या चक्राला पाचवा दिवस आला होता; वजाबाकीचा हा नियम ठोकळ आहे, एखादा दिवस मागे-पुढे धरा.) पाळी ३ तारखेला सुरू झाली तर ८ तारखेपासून २० तारखेपर्यंत. रक्तस्राव ७ तारखेला थांबला आणि नवरा ९ तारखेला कोकणकन्येने उतरला, तर "नुकतीच पाळी गेली" हे खरे असूनही तो आला आहे जोखमीच्या दुसऱ्याच दिवशी.

लहान चक्र ३० असेल तर पहिला जोखमीचा दिवस बारावा येतो. तिच्या बाबतीत पाळीनंतरचे दोन-चार दिवस खरोखरच कमी जोखमीचे असतात. "माला चक्र" नावाची मण्यांची माळ याच तत्त्वावर आहे: ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांनी येते त्यांनी आठवा ते एकोणिसावा दिवस टाळायचा. पण वर्षभर अगदी काटेकोर पाळूनसुद्धा १०० पैकी सुमारे ५ स्त्रियांना दिवस राहतात, आणि नेहमीच्या वापरात सुमारे १२ जणींना. कमी जोखीम आणि शून्य जोखीम यांतले अंतर ते हे.

शरीराच्या खुणांची जोड द्या

बीज सुटण्याच्या आधी योनीतला स्राव पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा दोन बोटांत ताणला जातो. असा स्राव दिसला की तो दिवस जोखमीचा, मग कॅलेंडर काहीही म्हणो. पाळी चालू असताना मात्र ही खूण रक्तात दिसत नाही, आणि लहान चक्र असणारीला ती तेव्हाच हवी असते. सकाळी उठल्याउठल्या घेतलेले तापमान बीज सुटल्यावर किंचित वाढते, पण ते सांगते झाल्यानंतर. औषधांच्या दुकानात मिळणारी बीज सुटण्याची लघवीची चाचणी एक-दीड दिवस आधी कळवते. मूल हवे असणाऱ्यांना ती उपयोगी. टाळायचे असेल तर पाच दिवस आधी आलेल्या शुक्रजंतूंपुढे ही सूचना अपुरी पडते.

हे रक्त पाळीचेच का, ते बघा

काही जणींना बीज सुटताना थोडे रक्त जाते. काहींना गर्भ रुजताना डाग दिसतो आणि त्याला "यंदा पाळी कमी गेली" म्हटले जाते. नेहमीपेक्षा फारच कमी, एखाद्या दिवसाचा किंवा भलत्या तारखेचा स्राव असेल तर तो पहिला दिवस धरू नका. त्यासोबत पोटात एका बाजूला सतत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

हे गणित काही जणींनी मुळीच करू नये. बाळंतीण: बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटू शकते, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतले, केवळ अंगावरच्या दुधावर आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच स्तनपान संरक्षण देते. पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीमुळे पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेली, नुकतीच वयात आलेली, आणि चाळिशीपुढची जिची पाळी आता लवकर-लवकर येते ती. या सगळ्यांसाठी तारखा फसव्या आहेत.

रजा लागण्याआधी साधन ठरवा

निरोध सर्वांत सोपा, आणि लैंगिक आजारांपासूनही वाचवतो. माला-एन रोज घ्यायची गोळी. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतले तर लगेच लागू पडते, म्हणून नवरा यायच्या आधीच्या पाळीत घ्यावे. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होतो, तेव्हा लवकरच मूल हवे असेल तर ते नको. तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) वर्षानुवर्षे काम करते. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत आहे. आशाताई आपल्याच वाडीतली असल्याने संकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथे विचारायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

संबंध येऊन गेला असेल तर

तातडीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, ७२ तासांच्या आत घ्या, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणे लांबवते. रुजलेला गर्भ पाडत नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. रजेतले पुढचे दिवस ती सांभाळत नाही, तेव्हा निरोध वापरा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे याहून खात्रीचे आहे.

पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. आशाताईंकडे "निश्चय" किट असते. संबंधानंतर तीन आठवड्यांनी आलेले "नाही" भरवशाचे. "हो" आले आणि गर्भ नको असेल तर काढे, पपई, गावठी उपाय यांत एकही दिवस घालवू नका. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, २०२१च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

आणि मूल हवे असेल तर

हाच हिशोब उलटा वाचा. रजेचा अर्ज करण्याआधी दोघांनी मिळून जोखमीच्या, म्हणजे आता आशेच्या, दिवसांवर खूण करा आणि त्या टप्प्यात एक दिवसाआड संबंध ठेवा. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीच्या एक-दोन महिन्यांपासून सुरू करा. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, डॉक्टरांना भेटावे असे सांगतात. पण नवरा वर्षातून तीन आठवडेच घरी असेल तर ते वर्ष प्रयत्नाचे धरता येत नाही, आणि तेवढ्यावरून सुनेला वांझ ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे. तपासणी दोघांची करायची. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात, म्हणून लॅबची वेळ नवरा गावी पोचण्याआधीच फोन करून घेऊन ठेवा.