गावचा ग्रुप फुटायला लागला की ॲडमिननं काय करायचं

माझं खत-बियाण्यांचं दुकान आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद, दोन्ही सोबतच चालतं. २०२३ मध्ये आरक्षणाचा प्रश्न पेटल्यापासून जालना, बीड, परभणीकडच्या कैक ग्रुपांत 'आपले' आणि 'ते' सुरू झालं.

पहिलं म्हणजे, कुणाला काढू नका. शिवीगाळ असेल तर मेसेज डिलीट करा, माणूस राहू द्या. काढलेला माणूस संध्याकाळपर्यंत दुसरा ग्रुप काढतो आणि तिथं सगळे त्याचेच. एका मताची माणसं आपसात बोलली की मत आणखी कडक होतं. मोस्कोविची आणि झावालोनी या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवर हे दाखवलंय.

फॉरवर्डला उलटा फॉरवर्ड तर अजिबात टाकू नका. चारचौघांत कुणी माघार घेत नसतं, आपल्या भावकीसमोर तर नाहीच.

मी खाजगीत बोलतो, आणि 'का' नाही, 'कसं' विचारतो. एका पोरानं टाकलं, "त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका." मी त्याला वेगळा मेसेज केला: बरं, नाही चढत. पण तुझं सोयाबीन काढायला मळणीयंत्र कुणाचं येतं? माल कुणाच्या टेम्पोत मोंढ्याला जातो? आडत कुणाकडं? बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "बघू काका." ग्रुपवरचा मेसेज त्यानंच डिलीट केला. 'का' विचारलं असतं तर दहा कारणं आली असती, तयारच असतात. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत हेच मांडलं: धोरणाला पाठिंबा का, हे विचारलं तर माणूस ठाम राहतो, ते नेमकं चालेल कसं, हे सांगायला लावलं की थोडा मवाळतो.

आणि ग्रुपला काम द्या. एकोप्याचे सुविचार नकोत, ते कुणी वाचत नाही. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफनं १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात पोरांच्या दोन भांडणाऱ्या टोळ्या एकत्र जेवायला बसवल्या, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची टाकी बंद पडली, ती मिळून दुरुस्त करावी लागली, तेव्हा कुठं भांडण उतरायला लागलं. आपल्याकडं ऐन रब्बीत डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळतोच. वर्गणीची यादी एकच ठेवा, गल्लीवार नको. पैसे एका बाजूच्याकडं, ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूचा. डीपी आणायला दोघांनाही पाठवा, आणि फोटो त्यांनाच टाकू द्या.