चारचौघांच्या विषयांवर स्फुट कसं लिहावं

समाज, नीती, राजकारण आणि पडद्यावरची करमणूक यांवर प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच. अडचण तिथेच आहे. मत एवढंच भांडवल घेऊन लिहायला बसलं की वाचक दुसऱ्या परिच्छेदात निसटतो. सहमत असलेल्याला नवं काही सापडत नाही आणि असहमत असलेल्याला थांबायचं कारण मिळत नाही. टिकणाऱ्या स्फुटात दोन गोष्टी लागतात: बारकाईनं पाहिलेला एक प्रसंग आणि त्यावरून काढलेला, कुणाला नाकारता येईल इतका नेमका निष्कर्ष. पुढची सगळी खटपट या दोहोंसाठी. लांबी ८०० ते १००० शब्द धरली आहे. त्याहून मोठ्या लेखाची बांधणी वेगळी असते.

विषय बारीक करा

'माणुसकी हरवली', 'तरुण पिढी', 'सत्तेचा माज' यांवर ८०० शब्दांत धड काही सांगून होत नाही. असा मोठा विषय डोक्यात घोळत असेल तर त्यातला एकच प्रसंग उचला, फार तर पाच-दहा मिनिटांत घडून संपणारा. उदाहरणार्थ, भरलेल्या डब्यात एक प्रवासी मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहतो आहे आणि त्याला कुणी काही बोलत नाही.

पहिल्या बैठकीत फक्त हा प्रसंग लिहा, १५० ते २०० शब्दांत, विशेषणांशिवाय. कोण कुठे बसलं होतं, कुणी वळून पाहिलं, कुणी मुकाट्यानं स्वतःच्या कानात इअरफोन घातले, आवाज कधी थांबला. 'उद्धट', 'बेफिकीर', 'असंस्कृत' असे शब्द आले की खोडा; ते निकाल आहेत आणि सुनावणी अजून व्हायची आहे. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे पाहिलेलं आणि गृहीत धरलेलं एकमेकांत मिसळणं. 'त्याला इतरांची पर्वा नव्हती' हे कुणालाच दिसलेलं नसतं. 'त्यानं एकदाही मान वर केली नाही' हे दिसलेलं असतं.

आता या प्रसंगात अनपेक्षित काय ते शोधा. आवाज करणारा माणूस अनपेक्षित नाही, तसा एखादा असतोच. भरल्या डब्यातली बाकी सगळी माणसं गप्प बसली, हे विचित्र आहे. निष्कर्ष तिथून काढा आणि वीसेक शब्दांत बसवा: 'डब्यातली माणसं सोशिक नसतात, टोकणाराच भांडखोर ठरेल या भीतीनं प्रत्येक जण दुसरा कुणी बोलेल याची वाट पाहत असतो.'

हे वाक्य उलटं करून पाहा. उलटं वाक्य एखादा शहाणा माणूस मनापासून म्हणू शकेल का? 'नाही, लोकांना आता आवाजाची सवय झाली आहे, त्यांना त्रासच होत नाही,' असं कुणी नक्कीच म्हणेल. म्हणजे आपल्या वाक्यात दम आहे. याउलट 'माणसानं माणसाशी माणसासारखं वागावं' याच्या विरुद्ध कोण बोलणार? त्यावर लेख उभा करण्यात अर्थ नाही.

'आहे'वरून 'असावं'कडे

नीतीवरचं लिखाण घसरतं ते बहुधा एकाच वळणावर. परिच्छेदभर 'असं असं घडतं' सांगून झाल्यावर लेखक अचानक 'म्हणून असं करायला हवं' म्हणतो, आणि मधला सांधा गायब असतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४० साली नेमकं याच उडीवर बोट ठेवलं: नुसत्या 'आहे'मधून 'असावं' निघत नाही, मध्ये एक मूल्य लागतं. ते मूल्य कागदावर आणा. वरच्या उदाहरणात ते असं असेल: 'सार्वजनिक जागेतल्या शांततेवर सगळ्यांचा सारखा हक्क आहे.' लिहिल्याबरोबर कळतं की खरा वाद इथेच आहे. रडणाऱ्या बाळाचं काय? फोनवर दवाखान्याशी बोलणाऱ्याचं काय? या प्रश्नांना दोन-चार वाक्यं दिली की लेख जड होत नाही, उलट उभा राहतो.

उपाय सुचवायचा असेल तर तो कुणी करायचा ते सांगा. 'समाजानं अंतर्मुख व्हावं' या वाक्याला पत्ता नाही. उपाय ठाऊक नसेल तर सुचवू नका; स्फुटाला उपाय लागतोच असं नाही.

पुरावा तपासताना

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी वेळ इथेच जातो. ८०० शब्द लिहायला दोन तास लागत असतील तर तपासणीला किमान एक तास राखून ठेवा.

गप्प बसलेल्या माणसांवर लिहिताना हटकून आठवणारं उदाहरण म्हणजे किटी जेनोव्हीज. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजारी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाहत राहिले आणि कुणी पोलिसांना कळवलं नाही, असं 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापलं. शहरी माणसाच्या कोरडेपणावर त्यानंतर पन्नास वर्षं या गोष्टीचा आधार घेतला गेला. पण अडतीस जणांनी सगळा हल्ला पाहिला हे खरं नव्हतं. बहुतेकांनी काही आवाज ऐकले होते, पूर्ण प्रकार फार थोड्यांच्या नजरेस आला, आणि एक शेजारीण तर खाली धावून गेली व मदत येईपर्यंत किटीला धरून बसली. २०१६ साली खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना त्याच वृत्तपत्रानं आपलं जुनं वृत्त सदोष असल्याचं मान्य केलं. गंमत अशी की या घटनेमुळे डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली केलेले प्रयोग आपल्या जागी उभे आहेत: भोवती माणसं जास्त असली की एकेकट्यावरची जबाबदारी पातळ होते. तेव्हा डब्यावरच्या लेखात प्रयोगाचा आधार घ्या, अडतीस साक्षीदारांचा घेऊ नका. जी गोष्ट आपल्या निष्कर्षावर अगदी चपखल बसते, तिच्यावर आधी संशय घ्यावा.

अवतरणांचंही तेच. 'आजची मुलं ऐषारामी झाली, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत' हे सॉक्रेटिसच्या नावावर खपणारं वाक्य केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या अभ्यासकाच्या प्रबंधातलं आहे. तो १९०७ साली छापला गेला आणि प्राचीन ग्रीकांच्या तक्रारींचा गोषवारा म्हणून त्यानं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणानं जपेन' हे व्हॉल्टेअरचं वाक्य नव्हे. एव्हलिन बीॲट्रिस हॉल या चरित्रकार बाईंनी १९०६ साली त्याच्या वृत्तीचं वर्णन करताना ते लिहिलं. नियम असा ठेवा: कुठल्या लेखनात, कुठल्या साली, एवढं सापडत नसेल तर अवतरण वगळा आणि तोच विचार आपल्या शब्दांत मांडा. बहुतेक वेळा तो आपल्या शब्दांत साधारणच वाटतो. तेव्हा कळतं की वजन नावाचं होतं.

आकड्यांच्या तीन खोड्या कायम लक्षात असू द्या. प्रमाण २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं तर वाढ एक टक्काबिंदूची आहे आणि तीच ५० टक्क्यांचीही आहे. सनसनाटी हवी असलेला माणूस दुसरा आकडा सांगतो, प्रकरण दडपू पाहणारा पहिला. दुसरी खोडी सरासरीची: नऊ जणांकडे प्रत्येकी २० आणि दहाव्याकडे ८२० असतील तर सरासरी १०० निघते, आणि १०० च्या आसपास त्यांतला एकही नसतो. तिसरी नोंदींची: तक्रारी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं नाही. लोक आता तक्रार करायला धजावत असतील, किंवा नोंद करायची पद्धत बदलली असेल. आकडा कुणी मोजला आणि कशातले किती, हे दोन्ही सांगता आलं तरच तो वापरा.

राजकारण

इथे एकच कसोटी आधी लावा: लेखातली पक्षाची आणि नेत्याची नावं बदलून विरुद्ध बाजूची घाला आणि वाचा. राग तेवढाच येतो का? येत नसेल तर लेख तत्त्वाबद्दल नाही, बाजूबद्दल आहे. बाजू घ्यायला हरकत नाही, फक्त तत्त्वाचा आव आणू नये. या कसोटीला मर्यादाही आहे. सत्तेत असलेला आणि नसलेला यांच्या एकाच शब्दाचे परिणाम सारखे नसतात. नावं बदलताना अधिकारही बदलतात हे विसरलं की 'दोघंही सारखेच' असा आळशी निष्कर्ष हाती येतो. तो समतोल दिसतो, म्हणून जास्त फसवा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेला 'अज्ञानाचा पडदा' धोरणांबद्दल लिहिताना जास्त उपयोगी पडतो: या नियमाखाली मी कोण म्हणून जन्माला येईन हे ठाऊक नसतं, तरी तो मला चालला असता का?

ताज्या घटनेवर लिहायचं तर मसुदा लगेच लिहा, पण दोन दिवस ठेवून द्या. पहिल्या तासांतली माहिती बदलते आणि सगळ्यांना सुचलेलं तेच आपल्यालाही सुचलेलं असतं. दोन दिवसांनी जे मत शिळं वाटेल ते तेव्हाही फार ताजं नव्हतं.

सिनेमा, मालिका, गाणी

दोनदा पाहा. पहिल्यांदा नुसतं पाहा, कुठे हसू आलं आणि कुठे कंटाळा आला एवढंच ध्यानात ठेवा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि ज्या तीन-चार दृश्यांवर लिहायचं आहे त्यांची वेळ टिपून घ्या, तासमिनिटांसह. आठवणीतून लिहिलेल्या दृश्यात संवाद हमखास बदलतात. चाहते ते पहिल्या ओळीत पकडतात आणि मग पुढचा मुद्दा कुणी ऐकत नाही.

दाखवणं आणि भलामण करणं यांत अंतर आहे. पडद्यावर मारहाण दिसली म्हणून चित्रपट मारहाणीच्या बाजूचा ठरत नाही. तो कुठल्या बाजूचा आहे हे ओळखायच्या चार जागा आहेत. कृत्याचे परिणाम दाखवले आहेत का, आणि कुणावर झालेले? कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे आहे की मार खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर? त्या क्षणी संगीत काय करतं, छाती फुगवतं की गप्प होतं? दृश्यातला शेवटचा शब्द कुणाचा? नायक मुलीचा पाठलाग करतो, पार्श्वसंगीत गोड आहे, ती पुढे हसते आणि पाठलाग प्रेमात जमा होतो: इथे चित्रपटानं बाजू घेतली आहे आणि ती पुराव्यानिशी दाखवता येते. यातली किमान दोन उत्तरं हाती असल्याशिवाय 'उदात्तीकरण' हा शब्द वापरू नका.

'अशा चित्रपटांमुळे गुन्हे वाढतात' हे मात्र वेगळ्या जातीचं विधान आहे. ते चित्रपट कितीही वेळा पाहून सिद्ध होत नाही, त्याला बाहेरचा पुरावा लागतो. चित्रपट काय म्हणतो एवढ्यावर थांबलात तर मजबूत जमिनीवर राहाल.

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या एका चित्रमालिकेतून आलेली कसोटी बरीच वापरली जाते: कथेत निदान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. ती अनेक चित्रपटांच्या ढिगाला लावायची चाळणी आहे. एकट्या चित्रपटाला तिनं गुण द्यायला गेलं की हास्यास्पद निकाल येतात. बोटीवर अडकलेल्या एकट्या माणसाची गोष्ट नापास होते आणि दोन बायका मिनिटभर चपलांवर बोलल्या की भिकार विनोदी चित्रपट पास.

लोकप्रिय गोष्टीला नाक मुरडण्याआधी ती आवडणाऱ्यांचं कारण त्यांनाही पटेल अशा शब्दांत लिहा, निदान १०० शब्द. 'लोकांना अक्कल नाही' हे कारण नव्हे.

माणसं

ओळखीच्या खासगी माणसाचा प्रसंग वापरताना नाव बदलणं पुरत नाही. व्यवसाय, वय आणि आजार एकत्र आले की जवळची माणसं क्षणात ओळखतात. या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी काढून टाका, किंवा विचारून घ्या. सार्वजनिक व्यक्तीच्या जाहीर कृतीवर हवं तितकं कठोर लिहा. शरीर, आईवडील, जात यांवर घसरलात की तिच्या कृतीवरचा प्रकाश आपणच घालवून बसता.

शेवटचा हात

एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि लेख मोठ्यानं वाचा. ८०० शब्दांना सावकाश सात-आठ मिनिटं लागतात. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा. 'आजकाल', 'हल्ली', 'पूर्वी' यांपुढे 'केव्हापासून?' असं लिहून उत्तर द्या. देता आलं नाही तर शब्द काढा. 'केलं जातं', 'समजलं जातं' यांत कर्ता लपला असेल तर त्याला बाहेर काढा. 'आपण' लिहिताना त्यात लेखक खरोखर सामील आहे का ते पाहा. 'आपण किती ढोंगी झालो आहोत' यात बहुधा नसतो. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. काही अडलं नाही तर पहिला गेला. शेवटच्या परिच्छेदाचंही तसंच करा, तिथे उपदेश साचतो.

लेख बाहेर पडल्यावर तपशिलाची चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. लेखाच्या तळाशी तारखेसह काय चुकलं होतं आणि बरोबर काय, एवढं दोन ओळींत लिहा. चूक निष्कर्षाच्या मुळाशी असेल तर ती दुरुस्ती वर, मथळ्याखाली जायला हवी.