‘इथंच तर जायचंय’ : दुचाकीवरच्या या चुका टाळा

गॅरेजमध्ये अपघातातली गाडी आली की मी आधी माणसाची चौकशी करतो, मग गाडीकडे वळतो. चेन सैल होती का, मागचा टायर गुळगुळीत झाला होता का, पुढचा ब्रेक कधी वापरातच नव्हता का, हे नट उघडता उघडता कळतं. आणि गाडीबरोबर आलेले काका किंवा ताई जवळजवळ नेहमी एकच सांगतात, “अहो, लांब कुठं नाही, इथंच तर गेला होता.”

इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इकडची पुष्कळ मराठी घरं माझ्याकडे वडिलांच्या काळापासून येतात. त्यांची मुलं मी पुढच्या टाकीवर बसलेली पाहिली आहेत, आता ती स्वतःची गाडी घेऊन येतात. म्हणून हे सगळं स्पष्ट लिहितोय. लांब महेश्वरला निघालेला माणूस हवा तपासतो, हेल्मेट घालतो, घरच्यांना पोहोचल्याचा फोन करतो. तोच माणूस संध्याकाळी कोथिंबीर आणायला उघड्या डोक्यानं, पायात स्लिपर अडकवून निघतो आणि वळसा नको म्हणून उलट्या बाजूनं गाडी घालतो. फूटपाथची कड घरापासून दोनशे मीटरवर असली तरी तितकीच टणक असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं असे ५०,०२९ जण गेले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्या बायको-आईला हेल्मेट लागत नाही असं मानणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं आहे.

हेल्मेट आहे, पट्टा लोंबतोय

हेल्मेटच न घालणाऱ्यांबद्दल मी आता फार बोलत नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, तेव्हा पंपावर शेजारच्या अनोळखी माणसाचं हेल्मेट मागून, दोन मिनिटं डोक्यावर ठेवून, टाकी भरून परत देणारे लोक मी पाहिले. त्यांना समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही. मला खरं दुःख होतं ते हेल्मेट विकत घेऊन, डोक्यावर ठेवून, पट्टा मोकळा सोडणाऱ्यांचं. पैसे खर्च केले, ओझं सोसलं, घामही आला, आणि शेवटचं एक काम तेवढं केलं नाही.

आमच्याच गल्लीतल्या एका मुलाची गोष्ट. भंवरकुआंला क्लासला जायचा. आईनं हट्टानं चांगलं, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घेऊन दिलं होतं. एका रात्री घराच्या अगदी जवळ बांधकामाची वाळू रस्त्यावर पसरली होती, त्यावर पुढचं चाक सरकलं. वेग काही फार नव्हता. पण गाडी आडवी होण्याआधीच हेल्मेट डोक्यावरून निघून घरंगळत दुभाजकापाशी गेलं आणि डोकं फूटपाथच्या कडेवर आपटलं. मुलगा वाचला. मात्र कित्येक महिने त्याला शब्द सापडत नव्हते, ओळखीच्या माणसांची नावं आठवत नव्हती, आणि ज्या परीक्षेसाठी तो धावत होता ती राहून गेली.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्याची आई हेल्मेट पिशवीत घालून घेऊन आली होती. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “दादा, याच्यावर एक ओरखडा नाही. मग त्याला एवढं लागलं कसं?” मी पट्टा बघितला. बक्कल कोरं करकरीत होतं, एकदाही लावल्याची खूण नव्हती. मला तिला उत्तर देता आलं नाही, पण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला देतो: हेल्मेटचं काम आतल्या थर्माकोलसारख्या थरानं दाबलं जाऊन धक्का शोषायचं असतं, आणि ते डोक्यावर टिकलं तरच तो धक्का शोषू शकतं. पट्टा नसेल तर पहिल्या झटक्यात ते डोकं सोडून जातं.

माझी सवय साधी आहे. किल्ली खिशात असतानाच पट्टा लावायचा, मग किल्ली बाहेर काढायची. पट्टा आणि हनुवटीच्या मध्ये दोन बोटं जेमतेम जावीत, जास्त नाही. पट्टा लावून मागून हेल्मेट पुढे ढकलून बघा. कपाळावरून निसटत असेल तर ते तुमच्या मापाचं नाही, मग ते कितीही महाग असो. घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून या प्रमाणाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ढीग लावलेले असतात ते तुम्हीही पाहता. त्यातली काही म्हणजे नुसत्या टोप्या आहेत, बाकी काही नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठणठणीत दिसलं तरी आतला थर दबलेला असतो. ते काढून टाका, धाकट्या भावाला देऊ नका.

काच ओरखडली असेल तर ती तेवढी बदला. रात्री समोरच्या दिव्यांनी सगळं पांढरं दिसतं आणि मग लोक काच वर करून, डोळे बारीक करून चालवतात.

घाटात गाडी बंद करून उतरणं

ही दुसरी चूक. हिच्यावर मी कितीही बोलू शकतो, कारण ती करणाऱ्यांना आपण हुशारी करतोय असं वाटतं.

पावसाळा लागला की इंदूरची तरुण मंडळी रविवारी पाताळपाणी, चोरल, जानापावच्या वाटेला लागतात. जावं जरूर, मालवा त्या दिवसांत सुंदर दिसतो. पण उतार लागला की इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, “पेट्रोल वाचतं, काका.” जानापावच्या डोंगरावरून असेच उतरलेल्या दोघांची गाडी पिकअपमध्ये टाकून माझ्याकडे आणली होती. एका वळणावर ब्रेक लागेचना, गाडी नालीत गेली, मागच्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. चालवणारा मला वारंवार सांगत होता की ब्रेक फेल झाला, कंपनीचा माल खराब आहे.

मी मागचं ड्रम उघडलं. ब्रेक शूचा, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचा, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत झाला होता, जळका वास अजून येत होता. सबंध उतारभर त्यानं मागच्या ब्रेकवर पाय दाबून ठेवला होता. घर्षणानं तापलेला शू पकडच सोडतो. मग मी पुढचा लिव्हर ओढला. तो हलला, पण जडपणे, आणि सोडल्यावर परत आलाच नाही. आतली वायर गंजून अडकली होती. पुढचा ब्रेक त्यानं इतके दिवस वापरलाच नव्हता, कारण कुणीतरी त्याला शिकवलं होतं की पुढचा दाबला की माणूस उलटा पडतो.

या एका गाडीत तीन चुका होत्या: इंजिन बंद, मागचाच ब्रेक सतत दाबलेला आणि पुढचा कधी न वापरलेला. म्हणून आधी पेट्रोलचं, मग दोन्ही ब्रेकचं सांगतो.

पेट्रोलचं आधी. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांना फ्यूएल इंजेक्शन आहे, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला असेल तर यंत्रणा इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवते. चाकच इंजिनाला फिरवत असतं. न्यूट्रलला टाकलीत तर उलट आयडलिंगला पेट्रोल लागतं. इंजिन बंद केलंत तर काही थेंब वाचतात खरे, पण इंजिनाची ओढ जाते, जी उतारावर तुमचा तिसरा ब्रेक असते, आणि अचानक वेग घ्यायची वेळ आली तर गाडी सुरू करण्यातच क्षण जातो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला गुरगुरू देत उतरा. ज्या गिअरनं तो चढ चढलात, साधारण त्याच गिअरनं उतरायचं, असं माझे वडील सांगत आणि मी आजही तेच करतो.

ब्रेकचं. तुम्ही ब्रेक लावता तेव्हा गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लवकर घसरतं. थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, तो १९८१ मध्ये आला. त्यातही हेच दिसलं होतं: घाबरलेला माणूस मागचा ब्रेक करकचून दाबतो, चाक घसरवतो, आणि पुढचा पुरेसा वापरत नाही. पुढचा ब्रेक झटक्यानं दाबला तर पडाल, यात खोटं नाही. तो दाबायचा असतो लिंबू पिळतो तसा, आधी हळू मग वाढवत, आणि गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर नाही, शिरण्याआधी. वाळू किंवा चिखल असेल तर मात्र पुढचा अगदी अलगद.

स्कूटरला सीबीएस आहे, डावा लिव्हर दाबला की दोन्ही ब्रेक लागतात, म्हणून उजव्याला हातच लावायचा नाही, असंही ऐकतो. तेही नको. दोन्ही वापरा.

मोकळ्या मैदानात, सकाळी, सरळ रेषेत, तीस-चाळीसच्या वेगानं जाऊन दोन्ही ब्रेक लावून थांबायचा सराव करा. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येक मुलाला मी हे सांगतो आणि प्रत्येक जण आधी एक्झॉस्ट बदलायचे किती, ते विचारतो. कृपा करून आधी थांबायला शिका. बारावी झाल्या झाल्या पोराला दोनशे सीसीची गाडी घेऊन देणाऱ्या वडिलांनाही हेच सांगणं आहे. शंभर-सव्वाशेची गाडी वर्षभर नीट चालवू द्या, मग बघा. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी देत असाल तर लक्षात ठेवा: सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. मुलानं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून.

बाकीच्या चुका

आरसे काढणं. माझ्याकडे काढून मिळत नाहीत.

साडी गार्ड काढणं. नव्या गाडीचं पहिलं काम म्हणून मुलं हे करतात, ‘लूक बिघडतो’ म्हणून. मग त्याच गाडीवर मावशी ओढणी किंवा पदर मोकळा सोडून बसतात. चाकात गेलेला कपडा गळ्याला फास लावतो किंवा माणसाला खाली ओढतो. गार्ड राहू द्या, पदर खोचा, ओढणीला मागे गाठ मारा.

लहान मुलाला स्कूटरवर पुढे उभं करणं. अचानक ब्रेक लागला की त्याचं तोंड हँडलवर आदळतं आणि तुमच्या अंगाचं वजन मागून येतं. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला तुमच्या अंगाशी बांधणारा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग, असा नियम आहे. हार्नेस मुंजीतल्या एका जेवणाच्या पानापेक्षा फार महाग नाही.

टायरच्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. रबर तिथपर्यंत झिजलं की टायर संपला. “एवढा पावसाळा काढू” म्हणणाऱ्यांनी नेमका पावसाळाच काढू नये.

फोन. ताशी चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. मेसेजकडे दोन सेकंद बघितलंत तर बावीस मीटर आंधळे गेलात.

राँग साइड. बायपासच्या सर्व्हिस रोडवर, बिचोलीपासून राऊपर्यंत, पुढच्या अंडरपासचा वळसा टाळायला लोक सरळ समोरून येतात. वळणाऱ्या ट्रकवाल्याची नजर ज्या बाजूनं गाड्या यायला हव्यात तिकडे असते. तुम्ही त्याला दिसतच नाही.

एक गोष्ट आपल्या भागाची म्हणून जरा थांबून सांगतो. मालव्याची काळी माती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून ती डांबरावर येते आणि पहिल्या शिडकाव्यात तिचं साबण होतं. पाऊस जोरात पडून गेला की रस्ता धुतला जातो. धोका असतो तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, जेव्हा आपण “भिजायच्या आत पोहोचू” म्हणून वेग वाढवतो. रस्त्याचा रंग गडद दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ ठेवा, ब्रेक लांबून लावा. सोयाबीन निघालं की याच रस्त्यांवर मंडीला जाणाऱ्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना उभ्या असतात. सिमरोल, महू, देपालपूर, कुठल्याही बाजूनं अंधारात येत असाल तर तुमच्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. समोरून गाडी येऊन डोळे दिपले तर आणखी कमी.

कुणी पडलेलं दिसलं तर

थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमीचं हेल्मेट घाईनं ओढून काढू नका, मानेला दुखापत असू शकते. काच वर करा, पट्टा सैल करा, श्वास चालू आहे का बघा. श्वासच अडत असेल आणि काढावं लागलंच, तर एकानं मान-डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं सावकाश काढायचं. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होतात. हे दवाखान्यात ठामपणे विचारा.

पडलेली गाडी मात्र चालवत घरी आणू नका, “इथंच तर आहे गॅरेज” म्हणून तर नाहीच. हँडल सरळ दिसलं तरी पुढचे शॉकअप किंवा त्यांना हँडलशी धरून ठेवणारी टी वाकलेली असू शकते आणि ब्रेकची नळी चेपलेली असू शकते. फोन करा, टेम्पोत घालून आणवू.