जुन्या गाडीचा ब्लोअर : या चुका टाळा, आणि प्लीज 'डायरेक्ट' करू नका

जुनी मारुती 800, पद्मिनी नाहीतर कॉन्टेसा असलेलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात विचारतंच, "ब्लोअर (डॅशमधून हवा फेकणारा पंखा) फक्त फुलवर चालतो, एक-दोनवर बंद, मोटर बदलू का?" अहो, फुलवर चालतेय म्हणजे मोटर जिवंत आहे! पैसे काढायच्या आधी कुठला स्पीड मेलाय ते नीट बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

लो स्पीडला करंट रेझिस्टरच्या, म्हणजे करंट अडवून पंखा हळू करणाऱ्या पार्टच्या, कॉइलमधून जातो, फुलला रेझिस्टर वगळून सरळ मोटरला. म्हणून नुसता फुल चालत असेल तर आधी रेझिस्टर बघायचा, किंवा त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, जो जास्त तापला की तुटतो. फुल सोडून बाकी सगळे चालत असतील तर स्विचचा तो पॉइंट, त्याची वायर, आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) असेल तर रिले. काहीच चालत नसेल तर फ्यूज, अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर), मग मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश. याच क्रमाने बघा, मी तरी असंच बघतो.

आता माझा खरा राग. रेझिस्टर उडाला की नवा टाकायचा, तो उडाला की अजून एक, आणि मग वायरमन म्हणतो "सोडा ना, डायरेक्ट करून देतो", म्हणजे रेझिस्टर आणि मूळ स्विच टाळून सरळ मोटरला वायर. साताऱ्याच्या एका मित्राची 1994 ची 800, तिचे दोन महिन्यांत दोन रेझिस्टर गेले, 15 अँपिअरचा फ्यूज उडायला लागला म्हणून कुणीतरी 30 चा ठोकला आणि शेवटी डॅशखाली एक टॉगल स्विच लावून फॅन डायरेक्ट. खंबाटकी चढताना जळक्या प्लास्टिकचा वास आला, बायको-पोरं मागे बसलेली, नशीब की त्याने लगेच गाडी बाजूला घेऊन बॅटरीची वायर काढली. मी ब्लोअर खाली उतरवला तर आत मूठ मूठ सुकी पानं आणि उंदराने आणलेल्या चिंध्या! गाडी कायम झाडाखाली उभी, काचेखालच्या जाळीतून सगळं आत. त्यात मोटरचे बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ते) कोरडे, पंखा हाताने फिरवला तरी जड. जड मोटर जास्त करंट ओढते, आणि रेझिस्टर डक्टमध्ये बसवलेला असतो तो त्याच हवेने थंड व्हावा म्हणून, ती हवाच कमी, मग तो टिकणार कसा? मोटर बदलली, ब्लोअरचं घर आतून साफ केलं, वायरिंग परत कंपनीसारखं केलं, 15 चाच फ्यूज टाकला. तिसरा रेझिस्टर अजून चालू आहे.

म्हणून माझी सवय अशी की रेझिस्टर विकत घेण्याआधी मोटर काढून बोटाने पंखा फिरवायचा. अर्धा तास जातो, जाऊ दे. नवीन पोरांना एवढाही धीर नसतो, पार्ट ऑर्डर करायची घाई, आणि मोठा फ्यूज टाकणं तर कधीच नको, फ्यूज वायर वाचवायला असतो.

सगळेच स्पीड मंद असतील तर अर्थ तपासा. फुलवर चालू ठेवून मोटरचा अर्थ जिथे जोडलाय तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत मल्टीमीटर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर बोल्ट सोडून पॉलिश पेपरने बॉडी चकाकेपर्यंत घासायची. बऱ्याच जपानी गाड्यांत स्विचच अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे मोटरला प्लस येतो पण ती फिरत नाही आणि लोक मोटरला दोष देतात.

अल्टरनेटरऐवजी डायनामोवर बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या गाड्या आयडलिंगला चार्जच करत नाहीत, सिग्नलला ब्लोअर मंदावला तर तो बिघाड नाही.

मोटर परत बसवताना वायर उलट लावू नका, पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा येते पण अगदी कमी, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

लांबच्या प्रवासात एसी लावून तासाभराने हवा कमी होते पण फॅनचा आवाज तसाच? मग कूलिंग कॉइलवर बर्फ जमलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा, हवा परत आली तर थर्मोस्टॅट (कॉइल जास्त थंड झाली की कॉम्प्रेसर थांबवणारा), गॅस आणि कॉइलची घाण बघा, या केसमध्ये रेझिस्टरला हात लावायचं कारणच नाही.