देशाच्या उत्सर्जनातील जमीनवापर-बदलाचा वाटा कसा काढावा

देशाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जमीनवापर-बदलाचा, म्हणजे जंगलाची शेती किंवा शेताची वस्ती होण्यासारख्या बदलांचा, वाटा किती, हा पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी सुचणाऱ्या विषयांपैकी एक असून, त्याचे उत्तर म्हणून बहुधा एकच टक्केवारी लिहिली जाते. ती काढण्याचे गणित शाळकरी आहे. मात्र अंश कोणता, छेद कोणता आणि चिन्ह कोणते, हे आधी ठरवले नाही तर अचूक आकड्यांतूनही भलतेच उत्तर हाती येते.

सुरुवात देशाच्या अधिकृत अहवालापासून करावी. भारताने आपला चौथा द्वैवार्षिक अद्ययावत अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारांतर्गत सादर केला आणि त्यातील हिशोब २०२० सालचा आहे. जमीनवापर वगळून भारताचे उत्सर्जन २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सममूल्य (म्हणजे सर्व हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून), तर तो धरून २४३.७ कोटी टन आहे. दुसरा आकडा लहान आहे, याचा अर्थ आपली जमीन जेवढे सोडते त्यापेक्षा ५२.२ कोटी टन अधिक शोषते. म्हणून भारताच्या बाबतीत ‘उत्सर्जनातील वाटा’ असे न लिहिता ‘निव्वळ शोषण’ असे लिहावे आणि ऋण चिन्ह गाळू नये.

आता छेद पाहावा. ५२.२ ला २९५.९ ने भागले तर १७.६ टक्के येतात, २४३.७ ने भागले तर २१.४ टक्के, आणि सरकारी निवेदनात आढळणारे २२ टक्के हे केवळ कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी केलेल्या तुलनेतून येतात, ज्यात मिथेन व नायट्रस ऑक्साइड नाहीत. शेवटच्या दोन टक्केवाऱ्या जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून त्या एकाच अर्थाच्या समजण्याची चूक सहज होते. माझ्या मते पहिला छेद सर्वांत स्वच्छ आहे, कारण त्यात शोषण आधीच वजा झालेले नसते. शिवाय २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते. त्या वर्षी एकूण उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ७.९३ टक्क्यांनी घटले होते, त्यामुळे त्या एका वर्षाची टक्केवारी नेहमीची म्हणून देऊ नये.

अंशात काय मोडते, हे वाघोलीकडच्या एखाद्या एकरभर ज्वारीच्या रानावरून तपासावे. ते रान एन.ए. होऊन तेथे सोसायटी उभी राहिली, तर राष्ट्रीय हिशोबात ती जमीन ‘पीकजमीन’ या वर्गातून ‘वस्ती’ या वर्गात जाते. (वन, पीक, गवताळ, पाणथळ, वस्ती आणि इतर असे एकूण सहा वर्ग आहेत.) बांधावरची तोडलेली झाडे आणि उकरलेल्या मातीतला सेंद्रिय कार्बन, एवढेच जमीनवापर-बदलाच्या खात्यावर पडते. सिमेंट तयार करताना चुनखडीतून निघालेला वायू उद्योगांच्या खात्यात, तर जेसीबीचे डिझेल आणि पुढे लिफ्टला लागणारी वीज ऊर्जेच्या खात्यात जाते. मावळातल्या भातखाचरांतून निघणारा मिथेनही इथे येत नाही. तो शेतीत मोजला जातो. मातीतील बदल एका वर्षात संपत नाही, म्हणून प्रचलित पद्धतीनुसार अशी जमीन साधारण २० वर्षे ‘रूपांतरित’ वर्गातच ठेवतात.

उलट बाजूने, ज्या जमिनीचा वापर मुळीच बदललेला नाही तीही या ५२.२ कोटींत आहे. उभे जंगल वाढत राहिले तरी त्याचे शोषण इथेच जमा होते. त्यामुळे हा संपूर्ण आकडा ‘बदला’चा म्हणून लिहू नये, रूपांतरित जमिनीची आणि तशाच राहिलेल्या जमिनीची कोष्टके वेगळी पाहावीत.

वनसर्वेक्षणाच्या अहवालातून पडताळा घेणार असाल, तर तेथील आकडे कार्बनचे असतात, कार्बन डायऑक्साइडचे नव्हे. २०२३ च्या अहवालानुसार वनांतील कार्बनसाठा आधीच्या मूल्यांकनापेक्षा ८.१५ कोटी टनांनी वाढला. त्याला ४४ भागिले १२ ने (कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे आणि त्यातील कार्बनचे वजन यांच्या गुणोत्तराने) गुणल्यास सुमारे २९.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो, आणि दोन अहवालांतील दोन वर्षांत तो विभागल्यास वर्षाला सुमारे १५ कोटी. ही राशी फक्त वनांची आहे, म्हणून ती ५२.२ च्या जागी बसवता येत नाही. तेथील ‘वनआच्छादन’ही सैल आहे: एक हेक्टरहून मोठी आणि १० टक्क्यांहून अधिक भागावर झाडांच्या पानोऱ्याचे छत्र असलेली जुन्नरकडची आमराईसुद्धा, मालकी कोणाचीही असो, त्यात धरली जाते.

इतर देशांशी तुलना करताना एका वर्षावर विसंबू नये. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले, तर २०१२ साली सुमारे ४,६००. साहजिकच त्या देशातील जमिनीचा वाटा या काळात कमालीचा बदलला. अशा ठिकाणी अनेक वर्षांची सरासरी द्यावी.

जागतिक आकड्याबाबत तर विशेष जपावे लागते. २०१९ सालच्या सुमारे ५,९०० कोटी टन उत्सर्जनापैकी जमीनवापरातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ११ टक्के होता. वारंवार दिले जाणारे २२ टक्के हे शेती आणि जमीनवापर मिळून आहेत, आणि भारताच्या वर आलेल्या २२ टक्क्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. त्यातच हे ११ टक्के शास्त्रीय प्रतिमानांतून (गणिती नमुन्यांतून) आलेले असून त्यांत माणसाने थेट घडवलेले बदलच धरले जातात, तर देश आपल्या व्यवस्थापित (माणसाच्या देखरेखीखालील) जंगलांतील सगळेच शोषण, हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे शोषणसुद्धा, स्वतःच्या खात्यात जमा करतात. ही तफावत जगभरात वर्षाला काही शे कोटी टनांची आहे. म्हणून भारताच्या अहवालातला आकडा आणि हा जागतिक आकडा एकाच कोष्टकात शेजारी मांडायचे असतील, तर प्रत्येकाखाली मोजणीची पद्धत लिहावी.